एकाहत्तर टक्क्यांचा तंबोरा

"मॅडम, तुमचा तंबोरा आज परत फुटला."

"किती टक्क्यांवर?"

"एकाहत्तर."

"नेट कुठलं आहे तुमचं?"

 पलीकडची बाई अगदी थंड आवाजात म्हणाली, "हे तुम्ही मला चौथ्यांदा विचारताय. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मोबाईलचं होतं. तुम्ही म्हणालात, ते चालायचं नाही, वायरचं घ्या. म्हणून तीन गच्च्यांवरून वायर ओढून घेतली. आधी तंबोरा दोन तासांनी फुटायचा, आता वीस मिनिटांत फुटतोय. वेग वाढला, एवढं खरं."

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पुण्यात 'ध्वनिकोठार' नावाच्या संस्थेत कामाला होते. जुन्या मैफलींच्या टेपा तिथे जपून ठेवल्या होत्या. त्या संगणकावर चढवून लोकांना घरबसल्या मिळाव्यात म्हणून जी वेबसाइट केली होती, ती मी एकटीने केली होती, आणि हे 'एकटीने' मी भेटेल त्याला सांगायची. तिच्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे तंबोरा. फाईल उतरायला लागली की पडद्यावर एक रिकामा तंबोरा यायचा आणि फाईल येईल तसतसा खालच्या भोपळ्यापासून वरच्या खुंट्यांपर्यंत केशरी रंगाने भरत जायचा. शेजारी टक्के. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी त्या तंबोऱ्याला टाळ्या दिल्या होत्या, गाण्याला नंतर दिल्या.

काही लोकांकडे मात्र तो अर्ध्यावर थांबायचा. पडदा पांढरा व्हायचा आणि ब्राउझर एक रुसलेलं तोंड दाखवून 'काहीतरी बिघडलं' एवढंच सांगायचा. अशा तक्रारी दोनशेच्या वर झाल्या होत्या. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवायची, 'कृपया आपले इंटरनेट तपासावे.' माझ्या टेबलावर तो कधीच फुटला नव्हता. मग दोष दुसऱ्याच्या घरी असणार, यात शंका घेण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

"शाहीनताई," मी म्हटलं, "एवढी घाई काय आहे पण?"

"रविवार आहे ना." आणि मग तिने सगळं सांगितलं.

शाहीन म्हणजे मिरजेच्या दस्तगीर शिकलगारांची मुलगी. घर तंबोरे बनवणाऱ्यांचं. वत्सलाबाई रेगे नावाच्या गायिकेचा तंबोरा त्यांच्याकडे दुरुस्तीला आला होता. वत्सलाबाई जाऊन वीस वर्षं झाली होती. तंबोरा सांभाळत होत्या त्यांच्या शिष्या नीलाताई, वय शहात्तर. घर बदलताना तंबोरा आपटला आणि त्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची ती बसकी पट्टी जिच्यावरून तारा जातात, ती तडकली. दस्तगीरचाचांनी नवी घोडी बसवली. पण घोडी बसवली म्हणजे काम झालं असं नसतं. तार जिथे टेकते तिथे कानशीने केसाएवढा उतार काढावा लागतो. त्याला जवारी म्हणतात. तंबोऱ्याचा झंकार सगळा तिथून येतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

"अब्बांनी तीनदा जवारी काढली," शाहीन म्हणाली. "तिन्ही वेळा नीलाताईंनी तार छेडली, मान हलवली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली. म्हणाल्या, छान आहे, पण हा माझ्या बाईंचा नव्हे. रविवारी बाईंच्या स्मृतीचा कार्यक्रम आहे मिरजेत. हा आवाज आला नाही तर मी गाणार नाही म्हणतायत. त्या गेल्या दोन वर्षांत गायल्या नाहीयेत, मॅडम. आता नाही तर मग नाहीच. आणि अब्बांनी तर तो तंबोरा कधी ऐकलाच नाही. तुमच्याकडे बाईंची चौऱ्याहत्तर सालची मैफल आहे, तेवढीच आहे."

"साइटवर दोन मिनिटांचा नमुना आहे की. तो ऐका ना."

"ऐकला. अब्बा म्हणाले, यात गाणं आहे, तंबोरा नाही."

मला हसू आलं. तंबोरा मागेच असतो, तो कसा ऐकू येणार. तसं मी म्हटलंही.

"बरं," शाहीन म्हणाली. "मी एक फोटो पाठवते, तो बघा."

फोटो शाळेच्या वहीच्या पानाचा होता. एकोणीस नोंदी. तारीख, वेळ, टक्के, आणि शेवटच्या रकान्यात 'तेव्हा काय चाललं होतं'. सकाळी, काँप्युटर नुकताच सुरू केलेला: एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर. दुपारी, नक्षीचं चित्र उघडं: चाळीस. नक्षी आणि शिवाय मेल उघडा: चौतीस. संध्याकाळी सगळं बंद करून: सदुसष्ट. वायर आल्यावर, सकाळी: एकाहत्तर.

मी ते पान पुन्हापुन्हा पाहिलं. नेटचा दोष असता तर आकडे वाटेल तसे सैरावैरा पळाले असते. हे तर वेळेवर कामाला येणाऱ्या माणसांसारखे होते. नेट सहापट वाढलं आणि तरी एकाहत्तर? नक्षीचं चित्र उघडं असलं तर चाळीस? नक्षीचा आणि नेटचा काय संबंध? एखादा दात ठणकावा तशी ती वही दिवसभर डोक्यात ठणकत राहिली.

संध्याकाळी मी सबनीस सरांकडे गेले. ते संस्थेचे प्रमुख. "सर, मिरजेच्या कारागिरांना ती मैफल पेन ड्राइव्हवर देऊ का?"

"अजिबात नाही. मागे एक प्रत हातात दिली तर ती बाजारात आली. नियम तुला माहीत आहे. साइटवरूनच. आणि अखंड. आपण तुकडे देत नाही."

"मग मी मिरजेला जाऊन बघून येते."

"नेटचं आहे म्हणालीस ना?"

"म्हणाले होते."

"सोमवारी देणगीदार येणार आहेत, त्यांना तंबोरा दाखवायचाय, एवढं लक्षात ठेव," ते म्हणाले. रजा माझीच होती, म्हणून जाऊ दिलं.

शुक्रवारी दुपारी बारा-साडेबाराला मी मिरजेत पोचले. दुकानात छताला भोपळे टांगलेले, भिंतीला टेकवून बिनतारांचे सांगाडे, आणि सगळीकडे लाखेचा वास. दस्तगीरचाचा सत्तरीचे, हडकुळे, चष्मा कपाळावर. खाली गोणपाटावर बसून घोडी घासत होते. घासायचे दोनदा, फुंकर मारायचे, तार छेडायचे, कान लावायचे. परत दोनदा.

"एकदम जास्त का नाही काढत?" मी विचारलं.

"काढलेलं परत चिकटवता येत न्हाई ओ," ते म्हणाले. "आधी चहा घ्या. मग तुमचा तंबोरा बघूया, मग माझा बघा."

काँप्युटर कोपऱ्यात होता. जुना, चार जीबीचा. शाहीन त्याच्यावर तंबोऱ्याच्या नक्षीची चित्रं काढायची. तिने माझी साइट उघडली, मैफल निवडली. तीन जीबीची फाईल. केशरी रंग भोपळ्यात चढू लागला. आम्ही तिघं ओळीने बसून बघत होतो. मी दुसऱ्या खिडकीत काँप्युटरच्या मेमरीचा आकडा लावून ठेवला. वहीतल्या त्या शेवटच्या रकान्यामुळे तेवढं सुचलं होतं.

पंचवीस टक्के. मेमरीचा आकडा चढला. चाळीस टक्के. अजून चढला. पंचावन्नला पंखा घरघरायला लागला. पासष्टला माउस अडखळू लागला. तंबोरा आणि तो आकडा एकमेकांचा हात धरून वर चालले होते.

एकाहत्तर. पांढरा पडदा. रुसलेलं तोंड.

"फुटला," शाहीन म्हणाली आणि तिने वहीत विसावी नोंद केली.

चाचा पुढे सरकले. "एक इचारू का? अडाण्याचा प्रश्न हाय."

"विचारा की."

"एकाहत्तर टक्के आलं म्हणताय. मग ते आलेलं ठेवलंय कुठं?"

 मी उतरवलेल्या फायली जातात ते फोल्डर उघडून दाखवलं. रिकामं होतं. ते रिकामंच असणार, हे मला वर्षभर माहीत होतं. कधी मनात आलं नव्हतं इतकंच.

"ते ब्राउझरच्या मेमरीत असतं," मी म्हणाले. "सगळं पूर्ण आलं की मग एकदम डिस्कवर ठेवायचं, असं आहे."

"म्हणजे हातातच धरून बसायचं?"

"हो."

"तीन जीबी?"

"हो."

"आणि हातात मावलं न्हाई तर?"

मी पांढऱ्या पडद्याकडे बोट केलं.

"नवऱ्याकडच्या लग्नात पाहिलंय मी," शाहीन म्हणाली, "ताटं एकावर एक रचून वीस-वीस आणणारे. खाली ठेवतच नाहीत. मग होतं ते होतं."

"पण का?" चाचांना खरंच नवल वाटत होतं. चेष्टा नव्हती त्यात. "काँप्युटरला येत न्हाई का, आलं की ठेव, आलं की ठेव?"

"येतं," मी म्हटलं. "ब्राउझर मुळात तसंच करतो. कुठलीही साधी फाईल उतरवली तर तो थेंबथेंब डिस्कवर ठेवत जातो. मीच त्याला तसं करू दिलं नाही. फाईल मी मध्येच माझ्या हातात घेतली."

"ती कशाला?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तंबोरा भरताना दिसावा म्हणून."

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. शाहीनने वही मिटली. मला इतकी लाज वाटली की आजही हे लिहिताना कान गरम होतायत. माझ्या टेबलावरचा काँप्युटर सोळा जीबीचा होता. तो तीन जीबी सहज हातात धरायचा, म्हणून माझ्याकडे तंबोरा कधी फुटला नव्हता. आणि मी दोनशे घरांना त्यांचं नेट तपासायला लावलं होतं.

"तुम्ही वायर ओढून घेतलीत माझ्या सांगण्यावरून," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"वायर राहू दे, चांगली हाय," चाचा म्हणाले. "नातू मॅच बघतोय. हे दुरुस्त हुईल का सांगा."

मी लॅपटॉप काढला. मागे चाचांनी परत कानस हातात घेतली. दोनदा घासणं, फुंकर, तार. काम तसं मोठं नव्हतं. लॉगिन केलेल्या माणसाला थोडा वेळ चालणारा थेट दुवा द्यायचा, आणि मग बाजूला व्हायचं. बाकी सगळं ब्राउझर आपल्या पद्धतीने करतो. मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करतो. घालायच्या ओळी थोड्या होत्या. काढायच्याच जास्त होत्या, आणि त्या सगळ्या तंबोऱ्याच्या होत्या. त्या तंबोऱ्याचा बाक जमवायला मला चार दिवस लागले होते.

तीन वाजता सबनीस सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"मग सोमवारनंतर बदल," ते म्हणाले. "तंबोरा काढून देणगीदारांना काय दाखवू? पांढरा पडदा?"

"सर, तो पांढरा पडदाच दोनशे लोकांना दिसतोय."

"ऋजुता, ऐक. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"यांचाही दोनच दिवसांचा आहे, सर."

"मी नाही म्हणतोय."

मागे चाचांनी तार छेडली आणि ते थांबले. बहुधा ऐकत होते.  नोकरी नवी नव्हती, पण दुसरी हातात नव्हती.

"सर, काढला," मी म्हटलं, आणि मग खरोखरच काढला.

त्यांनी फोन ठेवला. साइटवर आता एक साधं बटण होतं, 'उतरवा'. शाहीनने ते दाबलं. ना तंबोरा, ना केशरी रंग. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ तेवढी सरकायला लागली. मेमरीचा आकडा जागचा हलला नाही. मी मुद्दाम शाहीनला नक्षीचं चित्र उघडायला लावलं, मेल उघडायला लावला. चाळीस गेलं. एकाहत्तरला आम्ही तिघंही पडद्याकडे झुकलो. बाहत्तर झालं तेव्हा शाहीनने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. साडेतीनच्या सुमाराला फाईल फोल्डरमध्ये होती, पूर्ण.

चाचांनी हात धुतले, पुसले, मोठे हेडफोन कानाला लावले आणि खुर्चीवर बसले. मलाही शाहीनने दुसरे जोडून दिले. मैफल सुरू झाली. खरं म्हणजे झाली नाही. नुसतं खाकरणं, सतरंजीवर काहीतरी सरकवल्याचा आवाज, कोणीतरी 'पाणी ठेवा' म्हणालं, आणि तंबोऱ्याची एक तार. मग तीच तार परत. खुंटी पिळल्याचा आवाज. परत तार.

हे मला माहीत होतं. सुरुवातीची अकरा मिनिटं नुसतं तंबोरा लावणं चालतं, त्यात काहीच नाही. म्हणूनच तर साइटवरचा नमुना मी बाराव्या मिनिटापासून लावला होता. मी पुढे सरकवायला माउसकडे हात नेला.

चाचांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"हेच," ते म्हणाले. "हेच तर पायजे."

मग ते ऐकत राहिले. एकटा तंबोरा, गाण्याशिवाय, तबल्याशिवाय. एकेक तार सुटी वाजत होती, पुन्हा चौघी मिळून. कोणीतरी ती सावकाश, चित्त लावून जुळवत होतं. चाचांची बोटं मांडीवर हलत होती. एकदा ते हसले. "जवारी गोल हाय," पुटपुटले, "मी खुली, झणझणीत करत हुतो. खर्जाच्या तारेला तर एकदम गोल." अकराव्या मिनिटाला वत्सलाबाईंनी षड्ज लावला आणि चाचांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बंद करा. झालं."

"गाणं नाही ऐकायचं?"

"ते नीलाताईंचं काम. माझं झालं."

तीन तासांची फाईल, आणि त्यांना पहिली अकरा मिनिटं हवी होती. जुन्या पद्धतीनेसुद्धा ती त्या काँप्युटरवर केव्हाच मावली असती. पुण्याहून एक बारीक तुकडा करून द्यायला, सरांच्या हातापाया पडून का होईना, मला पाच मिनिटं लागली असती.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्ही पहिल्याच फोनला का नाही सांगितलंत, की तुम्हाला फक्त सुरुवात हवीय म्हणून?"

ते गोणपाटावर बसले होते. घोडी उजेडात तिरकी धरून बघत होते. "तुम्ही इचारलंच न्हाई," ते सहज म्हणाले. "नेट कुठलं, एवढंच इचारलं."

परतीच्या गाडीत मी त्या दोनशे तक्रारी परत वाचल्या. एकजण निवृत्त शिक्षक होते, त्यांना एका मैफलीत आपल्या वडिलांनी दिलेली दाद ऐकायची होती. एका मुलीला एकच ठुमरी हवी होती. बहुतेकांनी काय हवंय ते लिहिलेलं होतं, अगदी पहिल्याच ओळीत. मी दुसऱ्या ओळीपासून वाचत आले होते. घरी पोचेपर्यंत सगळ्यांना उत्तरं लिहिली. प्रत्येकाला वेगळं लिहिलं, माफी मात्र सगळ्यांची मागितली.

शनिवारी कोणाचाच फोन आला नाही. सरांचाही नाही. रविवारी संध्याकाळी साडेपाचला शाहीनचा आला. मागे माणसांची गडबड, खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

"मॅडम, कार्यक्रम सुरू व्हायचाय. नीलाताईंना बोलायचंय तुमच्याशी."

"काय झालं? आवाज आला का?"

तिने उत्तर न देता फोन कोणाच्यातरी हातात दिला. मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"तंबोरा फोडणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

"मग थांबा जरा. फोन ठेवू नका."

फोन कुठेतरी सतरंजीवर ठेवल्यासारखा वाजला. कोणीतरी खाकरलं. कोणीतरी पाणी मागितलं. मग एक तार वाजली. फोनवर झंकार काय कळणार, मला तर तेव्हा काहीच कळत नव्हतं. खुंटी पिळल्याचा आवाज आला, आणि तीच तार परत. मग दुसरी. मग चौघी मिळून. नीलाताई मध्येच कोणालातरी म्हणाल्या, "घाई करू नका रे, लागू दे." आवाज ओला होता.

ते बराच वेळ चाललं. घड्याळ बघितलं नाही, पण अकरा मिनिटं तरी असतील. मी गॅस बंद केला, खिडकीपाशी उभी राहिले आणि त्यांनी सा लावेपर्यंत फोन कानावरून काढला नाही.